पत्र्याचा आवाज

आजचा भाग छोटा आहे, आणि थोडा घरचा. माझे मामा कुर्ल्यात डेंटर होते. गाडी ठोकली की पोचा काढणारे, ते. मी दिवसभर कोडमधले बग शोधतो, मामांनी तीस वर्षं पत्र्यातले शोधले.

कुर्लाच का? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. लायसन्स राजचा काळ. गाडी बुक केली की वर्षानुवर्षं वाट बघायची. मग चेपलेलं मडगार्ड कोण फेकून देणार? शिवाय या गाडीला वेगळी चेसिस नव्हती, बॉडीच सगळा भार घ्यायची. मुंबईच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने खालचा पत्रा गंजला की पॅच मारावाच लागायचा.

काम कसं चालायचं सांगतो. पत्र्याच्या आतून लोखंडी डॉली धरायची, बाहेरून हातोडी मारायची. डॉली नेमकी हातोडीखाली असेल तर 'ठण्ण' वाजतं. चुकली तर आवाज बद्द येतो. म्हणजे डोळ्यांइतकंच कानाने काम. पण ठोकर बसली की पत्रा ताणला जातो. नुसता सरळ केला तर डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटक करतो. मग गॅसने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा, ठोकायचा आणि ओल्या फडक्याने गार करायचा. पत्रा आकसतो. (बीटेकला हे एक्स्पान्शनचं प्रकरण मी रट्टा मारून पास झालो. मामा दहावी नापास.)

वरून पुट्टी, घासकाम आणि ड्यूको. ड्यूको हे खरं तर अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचं नाव. आपल्याकडे स्प्रेने मारलेला कुठलाही चकचकीत रंग ड्यूकोच!

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. हळूहळू नवे पार्ट सहज मिळू लागले आणि 'काढून द्या' ऐवजी 'बदलून टाका' सुरू झालं. मामांना पुढची वर्षं तारलं ते काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांनी. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. बातम्यांत सगळे टॅक्सीबद्दल हळहळले. ती ठोकूनठाकून इतकी वर्षं चालवणाऱ्यांबद्दल मला फारसं काही दिसलं नाही.

मामांना आता नीट ऐकू येत नाही. डाव्या कानाने तर जवळजवळ नाहीच. गॅरेजमध्ये कानात बोळा घालायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि घातला असता तर ती 'ठण्ण' कशी ऐकणार, असं तेच म्हणतात.

गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, एक ओरखडासुद्धा नाही. मामांनी दारावरून सावकाश तळवा फिरवला, आत जाऊन फ्रिजवरचा मॅग्नेट आणला आणि दाराला लावला. तो घसरून खाली पडला.

"पुट्टी आहे रे सगळी," मामा जोरात म्हणाले. हल्ली ते जोरातच बोलतात. "उद्या रविवार आहे ना? माझी हातोडी काढ माळ्यावरून."