मुतालिकाची वाणी : प्रॉक्सी सर्व्हरचे त्रुटिसंदेश आणि पोर्टांचे तंटे

नवीन पनवेलच्या पश्चिम भागात सिडकोने वसविलेल्या खांदा कॉलनीत पत्ता हा मुख्यतः आकड्यांनी सांगितला जातो. सेक्टर, भूखंड, इमारत आणि खोली अशा चार पायऱ्या उतरल्या की टपाल योग्य त्या दारी पोचते. जुन्या पनवेलीतील आळी, वाडा, तळे या खुणांची येथे फारशी गरज पडत नाही. संगणकांच्या जाळ्यातील पत्ताही याच जातीचा आहे. इंटरनेट पत्ता ही इमारत मानली तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक होय. एका यंत्रावर अशा खोल्या ६५,५३६ आहेत, कारण हा क्रमांक सोळा द्विमान अंकांत लिहिला जातो.

या वसाहतीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी एखादा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी पडद्यासमोर बसतो आणि ‘५०२ बॅड गेटवे’ एवढेच उत्तर त्यास मिळते. तो घरचे राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो, केबलवाल्यास दूरध्वनी करतो, शेजाऱ्याच्या संगणकावर जाऊन पाहतो. मुदत टळून जाते. वस्तुतः ते वाक्य त्याच्या घरातील कोणत्याही यंत्राने उच्चारलेले नसते. त्याच्या हातून काही चुकले आहे असेही ते म्हणत नसते. संदेश वाचणाऱ्यास शब्द कळले, पण वक्ता कळला नाही. प्रॉक्सी सर्व्हरच्या त्रुटिसंदेशांचा इतिहास पाहता त्यांतील बहुतेक घोटाळा या एकाच ठिकाणी होतो असे दिसून येते.

‘प्रॉक्सी’ हा इंग्रजी शब्द लॅटिन मुळाच्या ‘प्रॉक्युरसी’ या शब्दाचे झिजलेले रूप असून त्याचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम पाहण्याचा अधिकार असा आहे. मराठी महाविद्यालयांत तो आधीच रूढ होता. अनुपस्थित मित्राची हजेरी लावणे म्हणजे प्रॉक्सी. तथापि या कल्पनेसाठी मराठी राज्यव्यवहारात याहून नेमका शब्द होता, तो म्हणजे ‘मुतालिक’. अरबीतून आलेला हा शब्द मूळ अधिकाऱ्याच्या वतीने त्याचा शिक्का बाळगून कारभार करणाऱ्या माणसास लावीत. मुतालिकाने दिलेला कागद धन्याचा म्हणूनच मानला जाई. कागद नाकारला गेला तर नकार धन्याचा की मुतालिकाचा, हा प्रश्न मात्र तेव्हाही सुटत नसे.

‘पोर्ट’विषयी पनवेलकरांची फसगत होणे स्वाभाविक आहे. पनवेल हे खाडीवरील जुने बंदर; १९८९ पासून शेजारीच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरही आहे. परंतु संगणकातील पोर्टाचा अर्थ दरवाजा या अर्थाच्या ‘पोर्टा’ या लॅटिन शब्दाशी जुळतो, बंदर या अर्थाच्या ‘पोर्टुस’शी नव्हे. त्यामुळे ‘बंदर’ हा अनुवाद कानाला गोड लागला तरी तो चुकीच्या वाटेने नेतो. ‘दार’ हाच साधा शब्द येथे योग्य होय.

या दारांना क्रमांक देण्याची रीत अमेरिकेतील आर्पानेटमध्ये सुरू झाली. मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एक टिपण प्रसृत करून ठरावीक सेवांना ठरावीक क्रमांक असावेत आणि ते एकाच माणसाने वाटावेत असे सुचविले. तो माणूस आपण असावे, हेही त्यांनी काहीशा विनोदाने सूचित केले होते. पुढे हे काम खरोखरच त्यांच्याकडे आले. या वाटपात एक भाषिक अवशेष टिकून राहिला आहे. आर्पानेटच्या मूळ व्यवस्थेत प्रत्येक जोडणी एकाच दिशेची असल्यामुळे दुहेरी संभाषणास एक सम व एक विषम असे दोन क्रमांक लागत. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी या नव्या व्यवस्थेवर गेले आणि जोड्यांची गरज संपली. परंतु फाइल पाठविण्याचा २१, टेलनेटचा २३, टपालाचा २५ हे विषम क्रमांक तसेच राहिले. लिंगभेद लोपला तरी प्रत्यय उरावा, तसा हा प्रकार आहे. १९९२ च्या अधिकृत यादीत वेबला मिळालेला ८० हा सम क्रमांक नव्या पिढीचा होय.

भारताचा या जाळ्याशी संबंध आरंभापासूनच मध्यस्थामार्फत आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे परदेशाकडील प्रवेशद्वार सांभाळीत होती. मे १९८९ मध्ये ‘डॉट इन’ या भारतीय नामक्षेत्राची नोंद झाली, ती हीच संस्था आणि तेच पोस्टेल यांच्यामध्ये. सर्वसामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेने. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावी सायबर कॅफे निघाले आणि एका दूरध्वनी तारेवर अनेक संगणक चालविण्याची निकड उत्पन्न झाली. न्यूझीलंडमध्ये १९९५ मध्ये तयार झालेला ‘विनगेट’ आणि १९९९ च्या विंडोज ९८ द्वितीय आवृत्तीतील जोडणी वाटून देण्याची सोय ही त्या काळाची साधने होत. तार एका संगणकास लागलेली असे व बाकीचे त्याच्या मागे बसत. तो संगणक बंद पडला की सर्वांच्या पडद्यांवर ‘सर्व्हर सापडला नाही’ असा मजकूर येई, आणि गिऱ्हाइकास वाटे की दूरदेशीचे संकेतस्थळच नाहीसे झाले!

वेबसाठी प्रॉक्सीची कल्पना प्रथम जिनीव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेत नीट आकारास आली. १९९४ मध्ये आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी तिचे विवेचन प्रसिद्ध केले. संस्थेच्या तटबंदीआडील संगणकांना बाहेरचे पान आणून देणारा मध्यस्थ, हे तिचे स्वरूप होते. १९९६ मध्ये ‘स्क्विड’ निघाला. त्याचे नेहमीचे दार ३१२८. हे मुतालिक वाचकाच्या बाजूचे. पुढे संकेतस्थळाच्या बाजूनेही मुतालिक बसू लागले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एंजिनएक्स’ हा त्यांपैकी सर्वपरिचित होय. म्हणजे आज खांदा कॉलनीतील वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये दोन्हीकडचे मुतालिक असू शकतात, आणि तिघांपैकी कोणीही बोलू शकतो.

हे सर्व ज्या सांकेतिक आकड्यांत बोलतात त्यांची परंपरा फाइल-प्रेषणाच्या जुन्या नियमांतून आली आहे. तीन अंकांपैकी पहिला अंक दोषाची जागा सांगतो : चारने आरंभ झाल्यास मागणाऱ्याकडे, पाचने झाल्यास देणाऱ्याकडे. ४०७ म्हणजे मुतालिक तुमची ओळख मागतो आहे. येथे परवलीचा शब्द तपासावा. ५०२ म्हणजे पलीकडून मुतालिकास ग्राह्य उत्तर मिळाले नाही. ५०४ म्हणजे ठरल्या वेळेत उत्तरच आले नाही. ५०२ हा १९९६ च्या नियमपत्रात आहे. ४०७ व ५०४ हे १९९७ च्या नियमपत्रात आले. एवढे पाठ असले म्हणजे अर्धे निदान झाले असे वाटते, पण तसे होत नाही. मूळ सर्व्हरने जोडणी नाकारली तर एंजिनएक्स ५०२ म्हणतो आणि स्क्विड त्याच घटनेस ५०३ म्हणतो. घटना एक, निवेदक दोन, वाक्ये दोन. म्हणून आकड्याच्या आधी निवेदक ओळखला पाहिजे. स्क्विडच्या त्रुटिपृष्ठाच्या तळाशी तो कोणत्या यंत्राने व केव्हा तयार केला याची ओळ असते. पत्राखालील मोर्तबच ती; पण वाचक मोठ्या अक्षरांतला मथळा वाचून थांबतो, मोर्तब कोणी पाहत नाही.

पोर्टांच्या तंट्याचे वाक्य याहून अधिक मितभाषी आहे. एका दारी एकाच कार्यक्रमाने बसावे असा नियम असून दुसरा आला की त्यास ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असे उत्तर मिळते. हे वाक्य बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीतून जगभर गेले. तेथे त्याचा क्रमांक ४८ होता. लिनक्सने तो ९८ केला. विंडोजने मात्र मूळ आकड्यात दहा हजार मिळवून १००४८ असा ठेवला. ‘जोडणी नाकारली’ याचा बर्कलीतील ६१ विंडोजमध्ये १००६१ होतो. ही वंशावळ ज्यास ठाऊक आहे त्यास एक कोष्टक पाठ केल्याने दोन येतात. परंतु यांतले कोणतेही वाक्य दारात कोण बसला आहे त्याचे नाव सांगत नाही, आणि नेमके तेच हवे असते. ८०८० हे दार या तंट्यांचे माहेरघर होय. कित्येक प्रॉक्सी तेथे बसतात, टॉमकॅट तेथेच बसतो, आणि ओरॅकलची विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीही तेच दार धरी; त्यामुळे ही दोन्ही एकाच संगणकावर बसविणाऱ्या विद्यार्थ्यास हा अनुभव हमखास येई. २०२५ मध्ये बंद झालेले स्काइपही एके काळी ८० व ४४३ ही दारे अडवून बसे व अपाची सुरू होऊ देत नसे. अशा वेळी विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ए, एन, ओ या खुणांसह द्यावी. शेवटच्या रकान्यात बसलेल्या कार्यक्रमाचा क्रमांक मिळतो व त्यावरून त्याचे नाव काढता येते. त्यास उठवावे किंवा नवागतास दुसरे दार द्यावे. दार बदलले तर प्रॉक्सी वापरणाऱ्या प्रत्येक संगणकातही तो आकडा बदलावा लागतो. हे विसरले की तंटा मिटतो आणि ‘जोडणी नाकारली’ हा नवा संदेश सुरू होतो.

कधी कधी दारात कोणीच नसते, तरीही ते वापरात असल्याचा संदेश येतो. जोडणी संपल्यावर वाटेत रेंगाळलेले पुडके नव्या जोडणीत शिरू नये म्हणून ते दार काही काळ राखून ठेवले जाते. १९८१ च्या नियमपत्राप्रमाणे हा काळ चार मिनिटांचा, लिनक्सवर एका मिनिटाचा. हे दाराचे सुतक होय. अधीर माणूस या अवधीत सर्व्हर पुनःपुन्हा सुरू करून पाहतो व प्रत्येक वेळी तेच उत्तर ऐकतो.

या वाक्यांच्या मराठीकरणाचा प्रश्न व्याकरणाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ या इंग्रजी वाक्यात कर्ता लोपलेला आहे. मराठीत ‘जोडणी नाकारली’ म्हटल्यावर कर्मणी प्रयोगातील तृतीयान्त कर्त्याची जागा रिकामी राहते; ती भरण्याची सोय भाषेत असूनही अनुवादक इंग्रजीच्या मागे जाऊन ती भरत नाही. ‘मधल्या सर्व्हरने जोडणी नाकारली’ असे म्हणण्यास दोनच पदे अधिक लागतात. ‘बॅड गेटवे’चे ‘खराब प्रवेशद्वार’ केल्यास खांदा कॉलनीतील गृहस्थ इमारतीच्या फाटकाकडेच पाहील. ‘पुढील सर्व्हरचे उत्तर मधल्या सर्व्हरला ग्राह्य वाटले नाही’ हे लांब असले तरी खरे आहे. तसेच नकार आणि मौन यांतील भेद अनुवादात राखला पाहिजे. नकार आला याचा अर्थ बहुधा पलीकडचे यंत्र जागे आहे, फक्त त्या दारी कोणी बसलेले नाही. वेळ संपली याचा अर्थ कोणी उत्तरच दिले नाही. पहिल्यात दाराचा आकडा तपासावा, दुसऱ्यात वाट आणि तटबंदी. दोन्हींसाठी ‘जोडणी होऊ शकली नाही’ असे गुळमुळीत वाक्य घालणे हा अनुवाद नव्हे.

वक्त्याने स्वतःचे नाव सांगावे ही गरज जाळ्याच्या नियमकर्त्यांनाही उशिरा का होईना जाणवली. १९९७ च्या नियमपत्रात मध्यस्थाने आपली नोंद ‘व्हाया’ या शीर्षओळीत करावी असे होते, पण त्यात दोषाचा उच्चार नव्हता. जून २०२२ मध्ये ‘प्रॉक्सी-स्टेटस’ ही नवी शीर्षओळ प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीत मुतालिक आपले नाव देऊन पुढे नेमके काय घडले, जोडणी नाकारली गेली की वेळ संपली, हे ठरावीक शब्दांत सांगू शकतो. ही ओळ पडद्यावर दिसत नाही. ब्राउझरमधील विकासकांची साधने उघडून उत्तराच्या शीर्षओळी पाहिल्या, आणि मध्यस्थाने ती पाठविलेली असली, तरच ती वाचावयास मिळते.