हडळीची जात, भुताळीची जमीन

भुतालाही जात असते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कोकणच्या लोकसमजुतींची ती जुनी टिपणे जरूर चाळावीत. १९०९ साली नाशिकला ज्याच्यावर गोळी झाडली गेली, त्या कलेक्टर जॅक्सनने ती जमवली आणि एन्थोव्हेनने १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. माहिती लिहून पाठवली गावोगावच्या शाळामास्तरांनी. त्या काळचे मास्तर बहुतांशी कोणत्या घरातले होते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मणाचा पोर तो मुंजा. समंध ब्राह्मणाचा, देवचार शूद्राचा. आणि बायका? नवरा जिवंत असताना मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर हडळ. म्हणजे पुरुषाच्या भुताला जात आणि बाईच्या भुताला नवरा! मनूची व्यवस्था मसणवटीच्या पलीकडेही अशी शाबूत राहिली.

हडळीचा विचार केला पाहिजे. ओली बाळंतीण अंधाऱ्या खोलीत तापाने मेली. तिला ना औषध मिळाले, ना पोटभर पेज. मग तिचे उलटे पाय आणि मोकळे केस गावाला दिसू लागले. ज्यांनी तिला मरू दिले, त्यांनाच ती दिसते. सूड घेण्यासारखे आपल्या हातून काही घडले आहे, हे मनाला ठाऊक असल्याशिवाय सुडाची भीती वाटत नाही.

मराठी भयकथेने हे भांडवल घेतले, पण हिशेब मात्र तपासला नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे या प्रांतातले मोठे लेखक. त्यांना मी हलके लेखत नाही. कोनला आमच्या खोलीशेजारी रात्रभर यंत्रमाग खडखडत, आणि तेवढ्या आवाजातही धारपांचे पुस्तक मिटल्यावर मागे वळून बघायची हिंमत होत नसे. परंतु या कथांतला वाडा कुणाचा? तळघर, दागिन्यांचा हंडा, पणजोबांचे पाप ही सारी मालमत्ता ज्यांच्याकडे होती त्यांचीच ही भीती आहे. धारपांच्या 'आजी' या कथेचा आधार घेणारा 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपटही वाड्यातच घडतो. आमच्या घरी पुरून ठेवायला काही नव्हते, त्यामुळे राखणदार भूतही नव्हते. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अन्याय झालेली बाई सूड घेऊ शकते ती फक्त मेल्यावर, आणि तेव्हाही कुणी साधक, मांत्रिक किंवा धारपांचे 'समर्थ' येऊन व्यवस्था पूर्ववत करतात.

जिवंत बाईची गोष्ट अगदी उलटी आहे. आमच्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर (२०१४ पासून त्यांतले बरेच पालघरात गेले) चेटकिणीला भुताळी म्हणतात, सातपुड्यात डाकीण. पोर दगावते, गुरे मरतात, भगत सुपात दाणे मांडतो आणि नाव निघते. ते नाव पाटलाच्या बायकोचे निघाल्याचे मी कधी ऐकलेले नाही. ते निघते एकट्या विधवेचे, आणि पुष्कळदा तिच्या नावावर भाताचा एखादा तुकडा असतो. कोनला आमच्या चाळीत जव्हारकडून आलेली एक म्हातारी होती. गोदामात झाडलोट करायची. एकदा आईला म्हणाली, "मला भुताळी ठरवली. मी भुताळी असते, तर दिराला ठेवला असता का?" भयकथेत चेटकीण गावावर सूड घेते, इतिहासात गावाने तिच्यावर घेतलेला आहे.

आपल्या परंपरेने ही भीती वेगळ्या रीतीने हाताळली आहे. जोतीरावांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) मध्ये जोशी गरोदर शूद्र बाईला ग्रहांची भीती घालून तिचे घर लुटतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले, यात नवल नाही. अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं' मध्ये भीमा रात्री प्रेतांची राख चाळतो. त्या कथेत भूत नाही. कोल्ही आहेत आणि खाण बंद पडल्याने आलेली उपासमार आहे. माझ्या मते मराठीतली सर्वांत भयंकर स्मशानकथा हीच. आणि बाबूराव बागुलांच्या 'सूड' (१९७०) मधली जानकी सुडाचा प्रश्न मेल्यावर नव्हे, जिवंतपणीच हाती घेते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याचे जगणे मुश्कील करणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पण तक्रार द्यायला त्या बाईने पाड्यावरून पोलीस ठाण्यापर्यंत जायचे, आणि संध्याकाळी त्याच पाड्यावर परत यायचे.

गेली दोन वर्षे मी जॅक्सनचीच पद्धत उलटी वापरतो. कोन, रांजणोली, पिंपळास इकडून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना गावच्या भुतांची टिपणे करायला सांगतो. तीन रकाने असतात: भूत कुणाचे, ती मेली कशी, तिची जमीन कुणाकडे गेली. शाळामास्तरांच्या टिपणांत हा तिसरा रकाना नाही. पहिल्या दोहोंवर मुले बराच वेळ काढतात, घरी विचारून येतो म्हणतात. तिसरा वर्गातच भरून होतो.