भावाचा लाकडी डबा

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "मोठे बाबा, बाबांच्या दुकानातला माल भंगारात देतोय. तो जुना ऑसिलोस्कोप आणि त्याला जोडलेला लाकडी डबा ठेवायचा का?"

धाकट्या भावाचं वर्ध्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो डबा दाखवायला त्याने मला अनेकदा बोलावलं. मी बी.ए.वाला, मराठी नि इतिहास शिकवणारा. "वह्या तपासायच्या आहेत" म्हणून दरवेळी सटकायचो. आता तो नाही. म्हणून उशिरा का होईना, डब्याचा इतिहास वाचून काढला.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. पण एकाच नंबरचे दोन ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे निघत नसत. एखाद्याचा स्वभाव कळायचा तर बेसचा प्रवाह ठरवायचा, कलेक्टरचं व्होल्टेज थोडंथोडं वाढवायचं, दरवेळी मीटर वाचायचा आणि आलेखाच्या कागदावर बिंदू मांडायचे. आमच्या शाळेत बारावीची मुलं हा प्रयोग करताना मी पाहिली आहेत. एका ट्रान्झिस्टरला अख्खा तास जाई.

हेच काम क्षणात करणारं यंत्र म्हणजे कर्व्ह ट्रेसर. ओरेगनमधल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९५७ मध्ये '५७५' हे मॉडेल आणलं. त्यात कलेक्टरचं व्होल्टेज विजेच्या लाटेबरोबर आपोआप वरखाली होतं, बेसचा प्रवाह पायरीपायरीने चढतो आणि पडद्यावर एकावर एक रेषा उमटतात. मजल २०० व्होल्टपर्यंत. १९६९ च्या '५७६' ने ती १५०० वर नेली. प्रयोगशाळांनी पुढे टाकून दिलेली ही धुडं आज जगभरचे हौशी लोक गोळा करतात, दुरुस्त करतात.

भावाला असलं यंत्र कुठून परवडणार? त्याने हौशी मंडळींचा 'ऑक्टोपस' बनवला. लहान ट्रान्सफॉर्मरची सहा-साडेसहा व्होल्टची वीज एका रेझिस्टरमधून तपासायच्या वस्तूला द्यायची. पडद्यावर आडवं व्होल्टेज, उभा प्रवाह. वस्तू तुटलेली असेल तर आडवी रेष, शॉर्ट असेल तर उभी, चांगला डायोड असेल तर काटकोन. बस्स! रेडिओच्या आउटपुटला एसी १२८ ची जोडी लागे. जोडी जुळली नाही तर आवाज फाटतो. तो म्हणायचा, "दादा, मी पत्रिका जुळवतो."

वाचताना एक गोष्ट मनात बसली. त्या जुन्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांच्या पुस्तकात पूर्ण सर्किट छापलेलं असे. आतल्या चिनी मातीच्या पट्ट्यांना चांदीमिश्रित सोल्डरच लागतं, म्हणून त्याची गुंडाळी कंपनी यंत्रातच ठेवून देई. म्हणजे घेणारा माणूस दुरुस्ती करणार, हे बनवणाऱ्याने धरलेलंच होतं.

आम्हा वर्धेकरांना ही कल्पना नवी नाही. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा: किंमत १५० रुपयांच्या वर नको, यंत्र वेळेवर देखभाल करून २० वर्षं चालावं आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण वस्तू विकत घेणाऱ्याच्या हातात ती दुरुस्त करायची सोय हवी, हा विचार त्यात होता. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेल्या आमच्या मगन संग्रहालयात मी मुलांच्या किती सहली नेल्या, चरखे दाखवले. तोच धडा आमच्या घरात एक माणूस रोज गिरवत होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

असो. डबा भंगारात गेला नाही. पुतण्याने वाळलेला कपॅसिटर बदलला. रविवारी दोघांनी सुरू केला. पहिला डायोड लावला आणि हिरवा काटकोन उमटला. मग एक जुना एसी १२८. मल्टिमीटरने त्याला पास केलं होतं, पण पडद्यावर सपाट यायला हवी ती रेष तिरकी आली. गळती! नुसत्या पास-नापासने माणूसही कळत नाही, हे चाळीस वर्षं शिकवून मला कळायला हवं होतं. भाऊ मॅट्रिकला दोनदा नापास झाला, तेव्हा त्याला सर्वांत जास्त मीच बोललो होतो.

तुमच्या घरी जुना रेडिओ माळ्यावर पडला असेल, तर भंगारात देण्याआधी कळवा. पुतण्याला हवा आहे. आणि आता बघायला मीही बसतो.