अंगावर काढलेलं दुखणं



अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, हे आपण जावेलाही दबक्या आवाजात सांगतो. आज आम्ही या गप्प राहण्याचाच इतिहास सांगणार आहोत.

फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा पुण्यात कैदेत असताना गेल्या. त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी आपल्या सेवाग्रामला दवाखाना उभा केला, तो मुळात बायामुलांसाठीच. १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आलं. दार उघडं होतं. पण बायांच्या मनातली लाज कोण उघडणार?

सेवाग्राम आश्रमाच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग पुढे गडचिरोलीला गेले. तिथल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी झाली. शंभरातल्या ५५ जणींनीच तक्रार सांगितली, आजार मात्र ९२ जणींना निघाला! आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या? फक्त ८. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाईचं आरोग्य म्हणजे नुसतं बाळंतपण आणि नसबंदी नव्हे, हे त्याने जगापुढे मांडलं.

तेव्हा ‘कापूस वेचून झाला की दाखवू’ असं म्हणू नका. पांढऱ्याला वास असेल, खाज असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासून घ्या. एकटीला संकोच वाटला तर मैत्रिणीला सोबत न्या. त्या बायाही कुणीतरी आपुलकीने विचारलं, तेव्हाच बोलल्या.