अठ्ठावीस जणांचे दुकान

किराणा स्वस्तात कसा आणावा, हा प्रश्न घरोघरी असतो. कुणी चार दुकाने हिंडून भाव पाहतो, कुणी सुगीतच वर्षाचे धान्य भरून ठेवतो. इंग्लंडातील काही गरीब कामगारांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याची हकीकत आज सांगणार आहे.

मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. फ्लॅनेलचे कापड विणणे हा तिथला जुना धंदा. १८४० नंतरच्या वर्षांत विणकरांचे फार हाल झाले. मजुरी पुरेना, म्हणून किराणा उधारीवर यायचा. आता उधारी म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको! ज्याचे देणे लागतो, त्याच्या तराजूकडे बोट कसे दाखवायचे? काटा मारला तरी गप्प बसायचे. शिवाय त्या काळी इंग्लंडात पावात तुरटी, चहात वापरून वाळवलेली पाने, अशी भेसळ सर्रास चाले.

मालकांकडे मजुरी वाढवून मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा या मंडळींनी विचार केला, की मिळकत वाढत नाही, तर निदान हातचे जाते ते राखावे. दर आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून २८ जणांनी २८ पौंड जमवले. टोड लेन या रस्त्यावर एका वखारीचा तळमजला भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी संध्याकाळी दुकान उघडले. माल केवढा? थोडे लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ, मेणबत्त्या. बस्स!

दुकान लहान, पण नियम पक्के. विक्री रोखीने, उधारी बंद. माल चोख, वजन पुरे. भांडवल कितीही घातलेले असो, एका सभासदाला एकच मत. आणि भाव? भाव मात्र बाजाराचाच! मग बचत कशी? तर नफा उरेल, तो दर तिमाहीला ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळायचा. यातच खरी खुबी होती. रोज पैसा-पैसा स्वस्त मिळाला असता, तर तो कुठे गेला ते कळलेही नसते. तिमाहीला मिळणारी रक्कम मात्र हाताला लागे. पुढे नफ्यातील शेकडा अडीच शिक्षणासाठी काढून ठेवू लागले. त्यातून वाचनालय चालले. १८५० मध्ये सभासद ६०० झाले, १८६० मध्ये सुमारे साडेतीन हजार.

आपल्याकडे १९०४ चा सहकारी कायदा पतपुरवठ्याच्या संस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने ग्राहक भांडारांनाही वाट मोकळी झाली. १९४८ मध्ये मुंबईत नायगावला, गिरणीकामगारांच्या वस्तीत, अपना बाजार सुरू झाला. म्हणजे इथेही कापडवालेच पुढे! १९७५ मध्ये निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकान न थाटता, शेजाऱ्यांचे गट करून महिन्याचे सामान वाटण्याची रीत पाडली.

गावोगावी अशी भांडारे निघाली, आणि काही बुडालीही. बुडालेल्या भांडाराची वही उघडून पाहावी. पुष्कळदा तीत आपल्याच माणसांची थकलेली उधारी सापडते. शिक्षकबंधूंनो, शेकडेवारी शिकवताना मुलांना हा रॉचडेलचा हिशेब जरूर घाला. मुले घरी जाऊन तो आईला सांगतील, आणि आई बरोबर ओळखील की यात फायदा कुठे आहे.