'असेल' ते 'असलाच पाहिजे' : इंग्रजी तर्कक्रियापदांचा इतिहास आणि आपली साक्ष

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली 'शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात दिलेला निकाल फौजदारी वकिलांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. आरोपी दोषी 'मे बी' एवढ्यावर शिक्षा देता येत नाही, तो दोषी 'मस्ट बी' या पायरीवर यावा लागतो, आणि या दोन शब्दांमधील मानसिक अंतर फार मोठे आहे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात सांगितले. पुढे १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे घालून देताना न्यायालयाने याच भेदाचा आधार घेतला, आणि तो केवळ व्याकरणाचा नव्हे, कायद्याचाही भेद आहे असे बजावले. दोन्ही खटले महाराष्ट्रातून वर गेलेले. माणसाचे स्वातंत्र्य ज्या दोन इंग्रजी शब्दांच्या मधल्या अंतरावर अवलंबून राहते, ते शब्द मुळात तर्काचे नव्हतेच. एक सामर्थ्याचा होता, दुसरा परवानगीचा. त्यांचा हा प्रवास मराठी वाचकाने समजून घेण्याजोगा आहे, कारण आपल्या भाषेनेही जवळजवळ तीच वाट चालली आहे.

इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, 'मे' चे मूळ रूप 'मागन' हे होते आणि त्याचा अर्थ 'बळ असणे, समर्थ असणे' असा होता. सामर्थ्य या अर्थाचे 'माइट' हे नाम आजही इंग्रजीत आहे. ते याच कुळातले. 'कॅन' चे मूळ 'कुन्नन', म्हणजे 'जाणणे'. ज्याला पोहणे कळते त्याला पोहता येते, या न्यायाने जाणण्यातून 'येणे' आले. 'शॅल' चे मूळ ऋण असण्याचे. जर्मन भाषेत कर्ज व दोष या दोहोंना 'शुल्ड' म्हणतात, तो त्याचाच नातलग. राहिला 'मस्ट'. त्याचे मूळ 'मोटन', आणि त्याचा जुना अर्थ 'मुभा असणे' असा होता. ज्याला एके काळी 'मला मोकळीक आहे' असे म्हणायचे होते, तोच शब्द 'मला गत्यंतर नाही' असे म्हणू लागला, हे अर्थांतर शब्दांच्या इतिहासात विरळाच आढळते. त्यातही 'मस्ट' हे त्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. वर्तमानकाळी 'मोट' हळूहळू मावळले आणि भूतकाळाचे रूपच वर्तमानाच्या गादीवर बसले.

शाळेत आपल्याला 'ही गोज' पण 'ही मस्ट' असे शिकवले जाते, आणि 'एस' का लागत नाही याचे कारण कोणी सांगत नाही. कारण ऐतिहासिक आहे. 'कॅन', 'मे', 'शॅल' आणि 'मस्ट' ही क्रियापदे पूर्वी भूतकाळाच्या घडणीची होती, अर्थ मात्र वर्तमानाचा होता. आणि भूतकाळी रूपाला 'एस' कधी लागलेच नाही. संस्कृत जाणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. 'विद्' धातूचे 'वेत्ति' हे सरळ वर्तमानकाळी रूप असताना त्याच अर्थाने 'वेद' हेही रूप चालते, आणि त्याची घडण परोक्ष भूताची आहे. 'मी पाहिले आहे, म्हणून मी जाणतो' असा त्यामागील भाव. जुन्या इंग्रजीतील जाणण्याचे 'वात' हे क्रियापद याच 'वेद' चे सख्खे भावंड असून त्याची घडणही तशीच आहे.

या सामर्थ्य-परवानगीच्या शब्दांना तर्काचा अर्थ चिकटला तो टप्प्याटप्प्याने. 'मे' च्या बाबतीत ही वाट सोपी होती: जे घडू शकते, ते घडले असेलही. 'असे असू शकते' या अर्थाचे 'मे बी' पुढे जुळून एक क्रियाविशेषणच बनले. 'मस्ट' ला उशीर लागला. आधी त्याचा अर्थ परवानगीवरून सक्तीवर आला, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास ती सक्ती माणसावरून उठून विचारावर बसली. 'त्याने गेलेच पाहिजे' ही माणसावरची सक्ती; 'तो गेलाच असला पाहिजे' ही पुराव्याने आपल्या बुद्धीवर केलेली सक्ती. डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. तरीही 'अग्नी असलाच पाहिजे' असे म्हणताना अग्नीवर कोणी हुकूम सोडत नसतो, आपणच निष्कर्षाला बांधलेले असतो.

'मस्ट हॅव गॉन' ही रचनाही याच इतिहासातून उलगडते. 'मस्ट' स्वतःच भूतकाळातून आलेला. त्याला आणखी भूतकाळ लावणार कोठून? म्हणून भूतकाळाचे ओझे मुख्य क्रियापदावर 'हॅव' च्या रूपाने टाकले गेले. मराठीत 'गेला असावा' म्हणताना आपण हेच करतो: जाणे संपले हे 'गेला' सांगतो, आणि आपला तर्क आजचा आहे हे 'असावा' सांगतो.

आणि हा 'असावा' तरी कोठून आला? संस्कृत 'कर्तव्य' मधील 'तव्य' प्राकृतातून घासत येऊन मराठीत 'करावे' मधील 'वे' झाला. म्हणजे मुळात हा कर्तव्याचा प्रत्यय. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने रुळवलेल्या परिभाषेत हे वाख्यात. 'मुलांनी अभ्यास करावा' यात ते कर्तव्य सांगते आणि 'तो बहुधा घरी असावा' यात तर्क. 'पाहिजे' ची कथाही तशीच. ते 'पाहणे' चे जुने कर्मणी रूप, 'पाहिले जाते, अपेक्षिले जाते' अशा अर्थाचे. त्यातून गरज आली, गरजेतून सक्ती, सक्तीतून 'असला पाहिजे' हा निष्कर्ष. आमच्या शेजारची कन्नडही वेगळी वागलेली नाही. 'बेकु' म्हणजे हवे, पाहिजे; आणि 'बंदिरबेकु' म्हणजे 'आला असला पाहिजे'. 'बंदिरबहुदु' म्हणजे 'आला असू शकेल'. तीन भाषा, त्यांतील एक तर निराळ्याच कुळातली, आणि तिघींनीही सक्तीच्या शब्दालाच निष्कर्षाचे काम दिले.

मूळ अर्थ मात्र नाहीसे झाले नाहीत. १८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. त्याच्या चौथ्या कलमात गृहीतकांच्या तीन पायऱ्या आहेत: न्यायालय 'मे प्रिझ्यूम', न्यायालय 'शॅल प्रिझ्यूम', आणि शेवटी निर्णायक पुरावा. येथील 'मे' परवानगीचा आहे, 'शॅल' बंधनाचा. पण 'आरोपी मे बी दोषी' यातील 'मे' निव्वळ तर्काचा. कलम ११४ मध्ये चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याजवळ सापडला त्याच्याविषयी अनुमान करण्याची न्यायालयाला मुभा दिली आहे. म्हणजे जुन्या अर्थाचा 'मे' नव्या अर्थाच्या तर्काला दार उघडून देतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हीच रचना कायम आहे.

इंग्रजी व्याकरणाच्या काही पुस्तकांत या शब्दांची टक्केवारी लावलेली आढळते: 'मस्ट' म्हणजे पंचाण्णव, 'मे' म्हणजे पन्नास, 'माइट' त्याहून कमी. आम्हाला ही शिडी फसवी वाटते. 'मस्ट' चे वैशिष्ट्य खात्रीच्या मापात नसून खात्री कोठून आली यात आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो 'ही वॉज देअर' म्हणतो. ज्याने पाहिले नाही, पण खुणांवरून ताडले, तोच 'ही मस्ट हॅव बीन देअर' म्हणतो. म्हणून 'मस्ट' कितीही जोरदार वाटला तरी साध्या विधानापेक्षा तो दुबळाच. साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे असा पुराव्याचा नियम आहे, त्यामुळे न्यायालयात या फरकाचे मोल फार.

नकारात तर आणखी गुंता आहे. ब्रिटिश वळणात 'मस्ट हॅव' चा उलट तर्क 'कांट हॅव' असा होतो. 'कांट' म्हणजे अशक्य. आपला 'तो आला नसणार' मात्र अशक्य म्हणत नाही, फक्त बहुधा नाही म्हणतो. तीच गत 'असेल' ची. दार वाजले की आपण 'पोस्टमन असेल' म्हणतो, तो अंदाज असतो. इंग्रजीत अशा वेळी 'विल बी' म्हणणारा बऱ्यापैकी निःशंक असतो. रूप भविष्यकाळाचे दोन्हीकडे, वजन निराळे.

सीमाभागातील न्यायालयांत हे वजन रोज तोलले जाते. साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते. कन्नडमध्ये 'बहुदु' आणि 'बेकु' हाताशी असल्याने काळजीने ऐकणाऱ्याला अडचण पडू नये. पण 'तोच असेल, साहेब' या वाक्याची नोंद घाईत 'इट मस्ट हॅव बीन हिम' अशी झाली, तर अंदाजाचा निष्कर्ष होतो. 'इट वॉज हिम' अशी झाली, तर अंदाज करणारा माणूस कागदावर प्रत्यक्षदर्शी बनतो. अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींपुढे तो साक्षीदार नसतो, कागदच असतो, आणि बोबडे व सारडा खटल्यांचे सूत्र त्या कागदालाच लावले जाते.

यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७७ व २७८ मध्ये उपाय होता, आणि तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्ष न्यायालयाच्या भाषेत नसेल तर शक्य असल्यास ती साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवता येते. नसल्यास खरे भाषांतर करावे लागते. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवायची असते, आणि नोंदीची भाषा साक्षीदाराला कळत नसेल तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगायची असते. एखादा भाग चुकला असे साक्षीदाराने म्हटले, तर न्यायाधीश तो दुरुस्त करतात किंवा त्या हरकतीची टिपणी ठेवतात. तेव्हा वाचन चालू असताना दाराकडे न पाहता क्रियापदाकडे कान द्यावा, आणि 'मी "असेल" म्हणालो, "असणार" नव्हे' एवढे तेथेच सांगावे. अंगठा किंवा सही त्यानंतर.