एका वाक्यावरून पेटलेला दरबार: ‘व्हर्सायचा गुलाब’ ही मांगा प्रेमकथा आहे की राजकारण?

नवऱ्याच्या आजोबांच्या प्रेयसीशी बोलायचं की नाही? प्रश्न घरगुती वाटतो. पण १७७० च्या सुमारास व्हर्सायच्या राजवाड्यात या एका प्रश्नाने दोन देशांना घाम फोडला होता. ऑस्ट्रियाहून सून म्हणून आलेली मारी आंत्वानेत पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्याशी एक शब्दही बोलायला तयार नव्हती. दरबारचा नियम असा की खालच्या मानाच्या व्यक्तीने आधी तोंड उघडायचं नाही. त्यामुळे राजाची लाडकी बाई सगळ्यांसमोर ताटकळत उभी राहायची. राजा चिडला, व्हिएन्नाहून आईची पत्रांवर पत्रं आली, राजदूत मध्ये पडला आणि शेवटी १ जानेवारी १७७२ ला या मुलीने जेमतेम एक वाक्य तिच्या दिशेने टाकलं.

हा प्रसंग खरा आहे. त्याच वर्षानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९७२ साली, जपानमधल्या शाळकरी मुली तो दर आठवड्याला श्वास रोखून वाचत होत्या. ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात रियोको इकेदा यांची ‘बेरुसाइयु नो बारा’, म्हणजे ‘व्हर्सायचा गुलाब’, ही मांगा मालिका मे १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९७३ च्या अखेरीस संपली. जपानी वाचक तिला लाडाने ‘बेरुबारा’ म्हणतात.

इकेदा तेव्हा पंचविशीही न ओलांडलेल्या होत्या. शाळेत असताना त्यांनी स्टेफान झ्वाइगने लिहिलेलं मारी आंत्वानेतचं चरित्र वाचलं होतं, आणि त्यावर काहीतरी करायचं हे डोक्यात पक्कं होतं. पण मुलींच्या मांगामध्ये इतिहास चालणार नाही, असं त्या काळच्या संपादकांना वाटायचं. अर्थसंकट, करवाढ, संसदेतले वाद असली भानगड कोण वाचणार? इकेदा यांनी हे सगळं प्रेमकथेतूनच सांगितलं.

आणि ते सांगणं ओढूनताणून वाटत नाही, कारण व्हर्सायमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. मारी आंत्वानेतचं लग्न हा मुळात ऑस्ट्रिया आणि फ्रान्सची युती टिकवण्यासाठी केलेला सौदा होता. नवरी १४ वर्षांची, नवरा १५ चा. सात वर्षं हा संसार कागदावरच राहिला आणि ‘मूल कधी?’ हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा झाला. राणीच्या मर्जीतल्या पोलिन्याकबाईंच्या घरच्यांना पदं आणि पैसे मिळत गेले, तसे इतर सरदार दुखावत गेले. स्वीडनचा देखणा उमराव अक्सेल फॉन फर्सन राणीच्या आयुष्यात आला, तेव्हा त्याच्यावरचं प्रेम हे विरोधकांच्या हातातलं आयतं कोलीत होतं. मालिकेत फर्सन अमेरिकेतल्या युद्धावर निघून जातो तो या कुजबुजीमुळे. खरा फर्सनही १७८० मध्ये तिकडे गेला होता.

सगळ्यात रंगलेला भाग आहे तो हिऱ्यांच्या हाराचा. राणीची मर्जी परत मिळावी म्हणून धडपडणारा कार्डिनल रोहान, त्याला राणीच्या नावाने खोटी पत्रं पुरवणारी जान द ला मोत, रात्री बागेत राणी म्हणून उभी केलेली एक तोतया बाई आणि सुमारे १६ लाख लिव्हर किमतीचा हार. यातलं काहीही इकेदा यांनी रचलेलं नाही! १७८५ मध्ये हे प्रकरण फुटलं. खटल्यात कार्डिनल सुटला आणि जिने हार घेतलाच नव्हता त्या राणीचं नाव मात्र कायमचं खराब झालं. फसवणूक उभी राहिली ती ‘राणी चोरून भेटू शकते’ यावर लोकांचा सहज विश्वास बसला म्हणून.

मग ऑस्कर कोण?

ऑस्कर फ्रांस्वा द जार्जे ही मात्र कल्पनेतली. मुलगा होत नाही म्हणून सेनापती बापाने सहाव्या मुलीला मुलगा म्हणून वाढवलं, तलवार शिकवली आणि राजरक्षक दलात घातलं. ती बाई आहे हे दरबारात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणजे इथे वेषांतराचं गुपित वगैरे नाही. मालिका राणीची होती, पण वाचकांनी ऑस्करला डोक्यावर घेतलं आणि पुढे तीच नायिका झाली.

तिच्या सोबत लहानपणापासून आंद्रे ग्रांदिए असतो. तिच्या दाईचा नातू, घरचा नोकर. तो तिच्यावर जीव टाकतो, ती फर्सनकडे ओढली जाते. एकदाच, फर्सनसाठी, ती स्त्रीवेषात नृत्याला जाते. पुढे देशात अशांतता वाढते तसा बाप घाबरतो आणि तिला लग्न लावून सुरक्षित करू पाहतो. वरसंशोधनासाठी भरवलेल्या समारंभात ऑस्कर थेट लष्करी गणवेशात हजर होते आणि तिथल्या बायकांबरोबर नाचते. प्रसंग विनोदी आहे, पण त्यातला नकार गंभीर आहे. एवढी वर्षं मुलगा म्हणून वापरून घेतलेल्या मुलीला आता सून व्हायला सांगितलं जातंय.

ऑस्कर शेवटी आंद्रेला निवडते तेव्हा ती फक्त नवरा निवडत नाही. उमराव घरातली मुलगी आणि नोकर यांचं लग्न जुन्या व्यवस्थेत बसतच नाही. राजरक्षक दल सोडून ती सामान्य सैनिकांच्या फ्रेंच गार्ड तुकडीत आलेली असते. जुलै १७८९ मध्ये ती सरदारकी सोडते आणि तुकडीसह लोकांच्या बाजूने उभी राहते. आंद्रे १३ जुलैला जातो, ऑस्कर १४ जुलैला, बॅस्टिल पडता पडता. फ्रेंच गार्डचे सैनिक तोफा घेऊन गर्दीला मिळाले हे ऐतिहासिक सत्य आहे. त्यांच्या पुढे प्रत्यक्षात पिएर-ओग्युस्तँ युलँ हा माणूस होता. इकेदा यांनी त्याच्या जागी ऑस्करला उभं केलं.

सगळंच आज पचेल असं नाही. आंद्रे एका प्रसंगी ऑस्करवर जबरदस्ती करू पाहतो आणि मग थांबतो. कथा त्याला फार लवकर माफ करते. सुरुवातीची चित्रंही बाळबोध आहेत, डोळ्यांत तारेच तारे. पण शेवटाकडे, गिलोटिनच्या वाटेवरच्या राणीपर्यंत येताना रेषा केवढी बदलली आहे हे सहज दिसतं.

१९७४ मध्ये ताकाराझुका या नाट्यसंस्थेने ही कथा रंगमंचावर आणली. तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. बालगंधर्वांची परंपरा असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे उलटं वाटेल, पण नवखं नाही. पुरुषासारखी वाढलेली बाई साकारायला याहून योग्य मंच कुठला? प्रेक्षकसंख्या पुढे ५० लाखांच्या वर गेली. फ्रान्सनेही २००९ मध्ये इकेदा यांना ‘लेजिओं द ऑनर’ हा सन्मान दिला.

२०२५ मध्ये मापा स्टुडिओचा ॲनिमेशन चित्रपट आला आणि नेटफ्लिक्समुळे ऑस्कर नव्या पिढीच्या रील्समध्ये पोहोचली. चित्रपट देखणा आहे, गाणीही भरपूर. पण सगळं दोनेक तासांत बसवताना दरबारी डावपेचांची उपकथानकं बरीच आटली आहेत. द्यू बारीचा रुसवा आणि हाराचं कारस्थान सावकाश पाहायचं असेल, तर १९७९-८० ची ४० भागांची जुनी मालिका गाठावी.